माझी अश्वविद्या

वयाच्या चौतिसाव्या वर्षी एका शिक्षिकेने घोड्यावर बसावयास शिकावे, ही कल्पना मी आमच्या शिक्षक-खोलीत प्रथम बोलून दाखविली, तेव्हा चहाचे पेले क्षणभर हवेतच थांबले. गणिताच्या बाईंनी हाडांच्या एका डॉक्टरांचा पत्ता लगेच लिहून दिला. संस्कृतच्या सरांनी 'वरातीमागून घोडे' ही म्हण किती अर्थपूर्ण आहे, ते सविस्तर समजावून सांगितले. मी मनात म्हटले, वरात केव्हाच पुढे गेली असेल. पण घोडे तर अजून तबेल्यातच आहेत!

घोड्याशी माझा पूर्वसंबंध असा काहीच नव्हता. माझे बालपण गोव्यातील डिचोलीचे. आमच्या कोकणी घरात 'घोडो' हा शब्द होता, प्रत्यक्ष घोडा नव्हता. मी जो पहिला घोडा पाहिला, तो शिगम्यातील घोडेमोडणीचा. कमरेला घोड्याची सजविलेली प्रतिकृती बांधून, हातात तलवार घेऊन ढोल-ताशांच्या तालावर नाचणारे ते वीर पाहून मी वडिलांना विचारले होते, "बाबा, हो घोडो चाबता?" बाबा हसून म्हणाले होते, "घोडो न्हय गो, मनीस तो!" घोडा कोठे संपतो आणि माणूस कोठे सुरू होतो, हे काही त्या दिवशी मला कळले नाही. पुढे इंदूरला येऊन, इतक्या वर्षांनी, मी तेच कोडे पुन्हा सोडवावयास बसणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

खरे सांगावयाचे तर मी तबेल्यात घोड्यासाठी गेले नव्हते. तक्रार घेऊन गेले होते. २०२२ साली माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. तो आता शाळेत नाही, आणि त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. पहिल्या तासाला तो हमखास उशिरा येई. त्याच्या कपड्यांना गवताचा आणि घोड्याच्या घामाचा वास येई. वाचावयास उभे केले की तो अडखळे. पहिल्या चाचणीत त्याला २० पैकी ४ गुण मिळाले, आणि त्या दिवसापासून तो माझ्या लेखी चार गुणांचाच झाला. पुढे त्याने काय लिहिले, किती सुधारले, ते मी नीट पाहिलेच नाही. एकदा त्याचे वाचन अर्ध्यावर थांबवून मी साऱ्या वर्गादेखत म्हणाले, "तुझ्यापेक्षा तुझा घोडा बरा वाचेल!" वर्ग हसला. तो खाली बसला. त्यानंतर माझ्या तासाला तो वाचावयास कधी उभा राहिला नाही, आणि मीही त्याला कधी उभे केले नाही.

त्याचे वडील शहराबाहेरच्या एका लहानशा घोडेस्वारी क्लबात मोतद्दार होते. उशिराची तक्रार सांगण्यासाठी एका रविवारी सकाळी मी तेथे गेले. वडील एका घोड्याचा खूर मांडीवर घेऊन त्यातील माती काढीत होते. मैदानात तो मुलगा उभा होता. त्याच्या हातात एक लांब दोरी होती आणि तिच्या टोकाला बादल नावाचा करड्या रंगाचा वयस्क घोडा वर्तुळात फिरत होता. मुलगा ओरडत नव्हता, ओढत नव्हता. तो किंचित वळला की घोडा वळे. तो स्तब्ध झाला की घोडा थांबे. मधूनमधून तो घोड्याशी हलक्या आवाजात बोले, आणि त्या बोलण्यात अडखळण्याचा मागमूसही नव्हता.

घोड्याला असे वर्तुळात फिरविण्यास जुन्या भाषेत 'कावा देणे' म्हणत. भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले, या तिन्ही प्रश्नांचे एकच उत्तर, 'न फिरविल्यामुळे', मी वर्गात कितीदा सांगितले होते! पण घोडा कसा फिरवितात हे मी कधी पाहिले नव्हते. ते पाहत मी इतका वेळ उभी राहिले, की तक्रार सांगावयाची राहूनच गेली. उलट परतताना मी शिकवणीची फी विचारून आले.

पहिला महिनाभर माझ्या हातात लगाम दिलाच नाही. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली दोरी धरून तोच मुलगा मला कावा देई, आणि मी शिरस्त्राण घालून बादलच्या पाठीवर धान्याच्या पोत्यासारखी हिंदकळत असे. घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची. दुडकीच्या त्या दोन ठोक्यांत माझे सारे पदवीचे शिक्षण खिळखिळे झाले. "बाई, श्वास रोखू नका. तुम्ही श्वास रोखला की त्याला वाटतं, पुढं काहीतरी भीती आहे." "बाई, खाली पाहू नका. तुम्ही जिकडं पाहाल तिकडं तो जाईल." अशा सूचना तो देई. एकदाही तो हसला नाही. हसण्याजोगे प्रसंग मात्र मी त्याला रोज पुरवीत होते.

पुढे लगाम हाती आला, तेव्हा मी मास्तरकीच्या सवयीने तो घट्ट ओढला. बादलने मान ताठ केली आणि तो जागीच उभा राहिला. मी आणखी ओढला. तो मागे सरकू लागला. तेव्हा मुलाचे वडील शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्ही ओढाल तर तोही ओढणार. त्याची ताकद जास्त आहे. हात सैल सोडा, आणि मांड पक्की करा." दुसऱ्याला ताब्यात ठेवण्यापूर्वी आपण स्वतः स्थिर बसावे लागते, हे तत्त्व मी अनेक निबंधांत लिहिले होते. ते मला प्रथम समजले त्या दिवशी, आणि तेही पाठीच्या कण्यातून!

या विद्येच्या स्पर्धेच्या प्रकारास 'ड्रेसाज' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'शिकवून तयार करणे' असा. येथे शर्यत नाही, अडथळ्यांवरून उड्या नाहीत. २० मीटर रुंद आणि ४० मीटर लांब अशा चौकटीत (वरच्या पातळीवर ती ६० मीटर लांब असते) ठरलेल्या क्रमाने चालावयाचे, वळावयाचे, वर्तुळे काढावयाची, थांबावयाचे. कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरे मांडलेली असतात. त्यांचा क्रम कोणत्याही वर्णमालेत बसत नाही. मधोमध 'एक्स' असतो, पण तो कोठेही लिहिलेला नसतो. स्वाराने तो मनात धरून नेमका तेथे घोडा उभा करावयाचा. घोड्याला जणू आपल्या इच्छेनेच सारे सुचते आहे, असे पाहणाऱ्यास वाटले म्हणजे स्वार यशस्वी.

ही कल्पना फार जुनी आहे. सॉक्रेटिसाचा शिष्य झेनोफन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. बळजबरीने करून घेतलेल्या हालचालीत सौंदर्य नसते, हा विचार त्याने तेव्हाच मांडला होता. ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार १९१२ साली स्टॉकहोम येथे आला. परंतु पुढे कित्येक वर्षे त्याचे दार केवळ लष्करी अधिकाऱ्यांनाच उघडे होते. १९५२ साली हेलसिंकी येथे ते सामान्य नागरिकांना आणि स्त्रियांनाही खुले झाले. त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांनी पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धेत उतरून रौप्यपदक मिळविले. १९४४ साली झालेल्या पोलिओने त्यांचे गुडघ्यांखालील पाय निकामी झाले होते. घोड्यावर चढावयास त्यांना दुसऱ्याची मदत लागे. एकदा वर बसल्या म्हणजे मात्र त्यांना काय हवे ते घोड्याला कळे.

आपल्या इंदूरलाही या विद्येचा अभिमान बाळगावयास जागा आहे. २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय ड्रेसाज संघाने सुवर्णपदक मिळविले. अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि आपल्या इंदूरची सुदिप्ती हजेला, असे ते चौघे. १९८२ च्या दिल्लीतील स्पर्धेनंतर घोडेस्वारीत भारताला मिळालेले हे पहिलेच आशियाई सुवर्ण. त्या संध्याकाळी आमच्या क्लबात पेढे वाटले गेले; बादलला गाजर मिळाले.

त्या हिवाळ्यात क्लबाची छोटीशी स्पर्धा भरली. अशा स्पर्धा स्वयंसेवकांच्याच खांद्यावर उभ्या राहतात. कोणी मैदानातील वाळू सारखी करतो, कोणी अक्षरांच्या पाट्या मांडतो, कोणी पाण्याच्या बादल्या भरतो, कोणी चहा पोचवितो. माझे अक्षर चांगले म्हणून मला परीक्षकांशेजारी लेखनिकाच्या खुर्चीवर बसविण्यात आले. लेखनिकाने स्वतःचे मत द्यावयाचे नसते. परीक्षक गुण आणि शेरा सांगतात; ते त्यांच्याच शब्दांत त्या त्या रकान्यात उतरवावयाचे, एवढेच त्याचे काम. प्रत्येक हालचालीस शून्य ते दहा गुण असतात. शून्य म्हणजे ती झालीच नाही, चार म्हणजे अपुरी, सहा म्हणजे समाधानकारक, दहा म्हणजे उत्कृष्ट.

तिसरा की चौथा स्वार मैदानात होता. त्याचा घोडा बुजला आणि दुडकीऐवजी एकदम उधळला. परीक्षक म्हणाले, "तीन. घोडा बुजला, लय मोडली." मी लिहिले. पुढच्याच वळणावर घोडा सावरला आणि त्याने सुरेख गोल वर्तुळ काढले. परीक्षक त्याच शांत स्वरात म्हणाले, "सात. लय चांगली, आकार नेटका." माझा हात क्षणभर थांबला. शिक्षिकेच्या हिशेबाने आत्ता तीन मिळविणाऱ्याला लगेच सात कसे द्यावयाचे? परंतु ड्रेसाजचा नियमच असा आहे, की प्रत्येक हालचालीचा रकाना वेगळा. मागचा दोष मागच्या रकान्यात राहतो. पुढचा रकाना कोरा असतो. शिवाय आकड्याशेजारी कारण लिहिलेले असते, आणि स्पर्धा संपल्यावर तो कागद स्वाराच्या हाती पडतो.

त्या कोऱ्या रकान्याकडे पाहताना मला ते २० पैकी ४ आठवले. त्या चारापुढे मी कोणतेही कारण लिहिले नव्हते. आणि पुढचे सगळे रकाने मी त्याच आकड्याने भरून टाकले होते.

दुसऱ्या वर्षीच्या स्पर्धेत मी स्वतः उतरले. अर्थात अगदी पहिल्या पायरीच्या परीक्षेत. ज्याला क्रम पाठ राहत नाही, त्याच्यासाठी आमच्या स्पर्धेत बाहेर उभे राहून कोणी क्रम वाचून दाखवू शकतो. हे काम कोण करील, असे विचारताच तो मुलगा पुढे आला. तोपर्यंत त्याची दहावी झाली होती. हातातील कागद त्याने एकदाही उघडला नाही. साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात, एकही शब्द न अडखळता, तो मला अक्षरामागून अक्षर सांगत गेला. 'बी'पाशी बादल थबकला. प्रेक्षकांत कोणीतरी हसले. माझे कान तापले. लगाम ओढावा असे हाताला झाले. तेवढ्यात त्याचा आवाज आला, पूर्वीइतकाच स्वच्छ. तो फक्त पुढचे अक्षर सांगत होता. मी मांड सावरली, पुढे पाहिले, आणि बादल निघाला.

मला शेकडा ५६ गुण मिळाले. 'बी'पाशी चार होते. शेजारी 'घोडा थांबला, स्वार शांत राहिली' असे लिहिलेले होते. तो कागद मी त्या मुलाला दाखविला आणि नववीतल्या त्या वाक्याबद्दल, फार उशिरा का होईना, त्याची क्षमा मागितली. तो बादलच्या तंगाची गाठ सोडीत होता. "बाई, घोडा खरंच बरा वाचतो," तो म्हणाला, "माणूस कसा आहे ते त्याला लगेच वाचता येतं." मग त्याने माझ्या हातात खरारा दिला. बादलची पाठ घासावयाची होती.

विद्यार्थी मित्रांनो, अलीकडे तुमच्या उत्तरपत्रिकांत गुणांशेजारी चार शब्द जास्त का असतात, असे तुमच्यापैकी काहींनी मला विचारले होते. त्याचे उत्तर मी येथे दिले आहे. गुण मात्र मी वाढवून देणार नाही; तशी आशा कोणी ठेवू नये!