डॉल्फिनदर्शन

'दर्शन' हा शब्द आपण अलीकडे फार सैल हाताने वापरू लागलो आहोत. पंढरीस देव विटेवरून हलत नाही. तिष्ठावे लागते ते भक्ताला. मालवणच्या किनाऱ्यावर 'डॉल्फिन दर्शना'च्या पाट्या दिसतात, तेथला प्रकार उलटा आहे. भक्त यंत्राच्या होडीत आरामात बसतो, आणि पळावे लागते ते देवाला!

आमचे कळंब मांजरेच्या काठचे. पण नदीकाठचे म्हणून आम्हांस पाण्याची सवय असेल असे कोणी समजू नये. २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्याजवळचे धनेगावचे धरण कोरडे पडले होते. अशा मुलखातून माझी ऐंशी वर्षांची आई गेल्या हिवाळ्यात मालवणास येऊन होडीत बसली, याचे अप्रूप किनाऱ्यावरच्या वाचकांस कदाचित कळणार नाही. होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी तिने वाकून समुद्राला हात लावला आणि तो कपाळी नेला.

शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू करविले. त्या किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सरकारी दप्तरात अभयारण्य आहे. या किनाऱ्यावर दिसणारा डॉल्फिन बहुधा पाठीवर कुबड असलेल्या जातीचा असतो. ही जात जगातील धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणली जाते. खोल समुद्र सोडून तो किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहतो, आणि म्हणूनच माणसाच्या तडाख्यात सापडतो. तो मासा नव्हे; पिलाला दूध पाजणारा, फुप्फुसांनी श्वास घेणारा जीव आहे. गढूळ पाण्यात त्याची भिस्त डोळ्यांपेक्षा कानांवर. आपणच केलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी ऐकून तो भक्ष्य हुडकतो. भोवती चारपाच यंत्रे घरघरू लागली म्हणजे त्याला काय ऐकू येत असेल?

धाकट्या प्लिनीच्या पत्रांत एक हकीकत आहे. भूमध्य समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर हिप्पो नावाच्या गावी एक डॉल्फिन पोहणाऱ्या मुलांशी खेळू लागला. एका मुलाला तर तो पाठीवर घेऊन हिंडे. ही गंमत पाहण्यास बडे बडे अंमलदार लोटले. त्यांच्या सरबराईने लहानशा गावाची तिजोरी खंगली, गावाची शांतताही गेली. अखेर तो डॉल्फिन गुपचूप मारून टाकण्यात आला! मालवणची गोष्ट निराळी. येथे पाहुणे गावाला पोसतात, तेव्हा डॉल्फिन जगावा अशीच गावाची इच्छा असणार. पण पाहुण्यांची घाई तीच.

आमच्या समोर एक काळसर पर क्षणभर वर आला मात्र, चार होड्यांनी एकदम तिकडे तोंड फिरविले. तो बुडाला, दूर निघाला. होड्या पुन्हा वळल्या. तिसऱ्या खेपेस आईने मला विचारले, "ते सारखं वर कशाला येतंय रे?" श्वास घेण्यास, असे मी सांगितले. त्यावर ती नावाड्याकडे वळून म्हणाली, "लेकरा, थांबव की जरा. त्याला दम तरी खाऊ दे."

तो पंचविशीतला तरुण ओशाळा हसला. "आजी, गादो दिसाक नाय तर लोका पैशे परत मागतत. मगे डिझेल खयसून घालू?"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. जून-जुलैत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी, पावसाळ्यात प्रवासीही नाहीत; वर्षाची मिळकत उरलेल्या महिन्यांतच व्हायची. कायद्याची कलमे सांगणे मला सोपे होते, पण मी गप्प बसलो.

"आमी नाही मागत," आई म्हणाली.

त्याने यंत्र बंद केले. इतर होड्या पुढे निघून गेल्या. होडी नुसती डुलत राहिली. मग अगदी अनपेक्षित बाजूस एक लांब उसासा ऐकू आला, जात्यावरून उठताना बाई टाकते तसा. करडी पाठ दिसली, तिच्या कडेला एक लहानशी पाठ, आणि दोन्ही पाण्याखाली गेल्या. होडीतील एक गृहस्थ छायाचित्र हुकले म्हणून धुसफुसत होते. आई मात्र बराच वेळ त्या जागेकडे पाहत होती.

उतरताना तिने कनवटीचे पन्नास रुपये ठरल्या भाड्यावर नावाड्याच्या हाती ठेवले. त्याने ते खिशात घातले, आणि पुढची माणसे होडीत घेतली.