कपल ऑफ डेज म्हणजे किती दिवस?

प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी स्क्रीनवर '१ फाइल्स फाउंड' असं बघून कसंनुसं झालेलं असतं. मग आपण एक 'इफ' घालतो. एक असेल तर 'फाइल', नाहीतर 'फाइल्स'. आता शून्य असेल तर? तरीही 'झीरो फाइल्स'! हातात एकही नाही, पण थाट अनेकवचनाचा. दीड तासाचंही तेच, 'वन अँड अ हाफ अवर्स'. आपण मुकाट्याने 'दीड पोळी खाल्ली' म्हणतो, 'दीड पोळ्या' नाही. थोडक्यात, इंग्रजीत अनेकवचन म्हणजे 'एकापेक्षा जास्त' नसून 'एक सोडून बाकी सगळं' असं आहे.

पहिला-दुसरा करायला गेलात तर आणखी मजा. फर्स्ट, सेकंड, थर्ड आणि मग सगळ्यांना सरसकट 'थ'. २१ ला ट्वेंटी-फर्स्ट, पण ११ ला मात्र इलेव्हन्थ. जगातल्या भाषांचे असले नखरे नोंदवून ठेवणारा युनिकोडचा सीएलडीआर नावाचा प्रकल्प आहे. त्यात इंग्रजी मोजणीला दोन रूपं आहेत आणि क्रमाला चार. (अरबीला नुसत्या मोजणीतच सहा आहेत, तेव्हा रडू नका.)

आता हे इलेव्हन आणि ट्वेल्व्ह 'वनटीन', 'टूटीन' का नाहीत? जुन्या इंग्रजीत त्यांचा अर्थ होता 'दहा काढल्यावर एक उरला' आणि 'दोन उरले'. म्हणजे कुणीतरी दहा बोटं मोजून संपवली, आणि पुढ्यात अजून दोन मेंढ्या उभ्या! तेरापासून 'टीन' सुरू होतात, आणि त्यात एकक आधी येतो, आपल्या तेरा-चौदासारखा. विसाच्या पुढे गाडी उलटी, दशक आधी. जुन्या इंग्रजीत तिथेही 'एक आणि वीस' असंच म्हणत. जर्मन लोक अजून म्हणतात, आणि आपणही 'एकवीस' म्हणतोच की. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. इंग्रजीत हा बदल शतकानुशतकं हळूहळू होत गेला, म्हणून कुणाला कळलाही नाही.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. इंग्रजी माणूस रोजच्या बोलण्यात आकडा वापरतो तेव्हा दरवेळी मोजत नसतो. पुष्कळदा तो आपल्याला किती खात्री आहे ते सांगत असतो. 'ट्वेल्व्ह पीपल' म्हणाला तर त्याने डोकी मोजलीत. 'अ डझन पीपल' म्हणाला तर नुसती नजर टाकलीय. 'डझन्स' म्हणाला तर तेवढंही केलेलं नाही. 'फॉर्टी विंक्स' म्हणजे डुलकी, 'अ हंड्रेड अँड वन थिंग्ज' म्हणजे खूप कामं. आपणही 'पाच-पन्नास माणसं' म्हणतो, 'दोन शब्द बोलतो' म्हणून अर्धा तास बोलतो. कुणी घड्याळ लावून बसत नाही.

गंमत संपते ती ही भाषा ऑफिसात शिरली की. काही वर्षांपूर्वी आमच्या टीममध्ये परभणीकडची एक मुलगी नवीन आली होती. हुशार, पण इंग्रजी सगळं पुस्तकातून शिकलेली. पलीकडचा मॅनेजर कॉलवर म्हणाला, 'कॅन वी हॅव इट इन अ कपल ऑफ डेज?' ही 'येस' म्हणाली. कपल म्हणजे दोन, डिक्शनरीत तसंच लिहिलंय. दुसऱ्या रात्री अडीच वाजेपर्यंत बसून तिने काम पाठवलं. त्या गृहस्थांनी ते उघडलं थेट सहाव्या दिवशी, आणि तेही 'अरे वा, लवकर झालं' म्हणत.

'सर, तो दोनच म्हणाला होता ना?' तिने मला विचारलं.

म्हणाला होता. पण त्या 'कपल'चा अर्थ होता 'या दोन-चार दिवसांत, घाई नाही'. त्याने मुद्दाम त्रास दिला असंही नाही. गंमत अशी, की हाच माणूस 'फर्स्ट थिंग मंडे' म्हणाला की त्यात आकडा नसूनही सोमवारी सकाळी नऊ म्हणजे नऊ! सैल शब्द कुठला आणि घट्ट कुठला, हे शाळेत कुणी शिकवत नाही. इंग्रजी घरात बोलणाऱ्यांना ते आपोआप कळतं. बाकीच्यांनी रात्री जागायच्या.

बरं, इंग्रजी बोलणाऱ्यांचं तरी आपसात कुठे जमतंय? 'हाफ फाइव्ह' म्हणजे ब्रिटिशांचे साडेपाच; जर्मन माणूस त्याच्या भाषेत तेच शब्द वापरतो तेव्हा साडेचार वाजलेले असतात. बिलियन अमेरिकेत शंभर कोटी आणि ब्रिटनमध्ये लाख कोटी, असं कितीतरी वर्षं चाललं. शेवटी डिसेंबर १९७४ मध्ये पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांनी सरकारी व्यवहारात अमेरिकन बिलियन वापरला जाईल असं संसदेत स्पष्ट केलं. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टीचा घोळ तर त्यांचाही होतो. म्हणून विमानवाले पंधरा, पन्नास म्हणतच नाहीत. 'वन फाइफ', 'फाइफ झीरो' असे एकेक अंक सुटे बोलतात, आणि नाइनचं 'नाइनर' करतात. जिथे जीव अडकलेला आहे तिथे त्यांनी रोजच्या इंग्रजीवर भरवसा ठेवलेला नाही, हे लक्षात घ्या!

तेव्हा आमच्या टीममध्ये आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो: कॉलवर कपल, फ्यू, डझन असला शब्द कानावर आला की लगेच विचारायचं, 'सो, थर्सडे?' वार विचारा, तारीख विचारा. यात आपलं इंग्रजी कच्चं दिसत नाही. उलट समोरचा क्षणभर थांबतो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच विचार करतो, की आपल्याला नक्की कधी हवंय ते. दहातल्या नऊ वेळा उत्तर येतं, 'ओह, नेक्स्ट वीक इज फाइन.'

(दहातल्या नऊ वेळा म्हणजे मी मोजलेलं नाही, बरं का.)