हुद्द्याचा रकाना

पेन्शनीत निघाल्यावर माणसाला दोन खुळे लागतात : तीर्थयात्रेचे आणि स्मारकाचे. मला दुसरे लागले. आपल्या जुन्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला दरसाल शिष्यवृत्ती द्यावी, तीही अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावाने, असे मनात आले. मुद्दल बँकेत राहील, व्याज तेवढे वाटायचे. प्रेमचंद रायचंद शेटजींनी १८६४ साली मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्याला आईचे, राजाबाईचे, नाव लावले. माझी ऐपत मनोऱ्याची नाही; पण मुलाचे मन तेच.

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पुढे केला. नाव लिहिले. खाली रकाना होता, 'हुद्दा'. पेन तिथेच अडले.

अण्णा त्याच कॉलेजच्या रसायनशाळेत शिपाई होते. आम्ही माखलेल्या परीक्षानळ्या ते धूत. १९८० साली मी बी. एस्सी.ला असताना एका मित्राने विचारले, "हे तुझ्याच आडनावाचे रे! नात्यातले का?"

"छे! गावाकडचे कोणीतरी असतील," मी म्हणालो.

अण्णा चार हातांवर नळ्या धूत होते. नळ चालू होता, त्यांना ऐकू गेले नसेल, अशी मी पुढे जन्मभर स्वतःची समजूत घातली.

त्याच आठवड्यात सरांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकात नायट्रिक आम्ल घालून तापवून दाखवले. बलक पिवळा झाला. "कातडीतही प्रथिनेच असतात. हे आम्ल लागले की बोटे अशीच पिवळी पडतात," सर म्हणाले. अण्णांची बोटे नेहमी पिवळी असत. लहानपणी मला वाटे, ते आईला हळद कुटू लागतात!

त्या रात्री त्याच बोटांनी मोजून त्यांनी परीक्षेची फी माझ्या हातावर ठेवली. बोलले एवढेच, "काचेचे सामान जपून हाताळीत जा. एकदा तडकले की सांधत नाही."

"साहेब, रकाना कोरा ठेवला तरी चालेल," कारकून म्हणाला. "नाहीतर 'समाजसेवक' लिहा. पुष्कळजण लिहितात."

मी ठळक अक्षरांत लिहिले, 'शिपाई, रसायनशाळा.' आणि अट घातली : प्रॅक्टिकल संपल्यावर आपल्या नळ्या आपण धुऊन ठेवील, त्यालाच शिष्यवृत्ती. कारकून हसला, असली अट नियमात बसत नाही म्हणे. बरे, गुणानुक्रमे तर गुणानुक्रमे. फळ्यावर अण्णांचे नाव मात्र दरसाल हुद्द्यासकट लागेल. आणि आता कोणी विचारलेच, तर हो, मी त्यांच्या नात्यातला आहे.