शिळी कढी

आमच्या घरी शिळी कढी कुणी टाकून देत नसे. आई ती दुसऱ्या दिवशी मंद विस्तवावर ठेवायची आणि पळीने ढवळत शेजारी उभी राहायची. ‘नुसती गरम करायची; उकळली की फुटते,’ असे ती म्हणे. शिळ्या कढीला ऊत आणू नये, ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण ती नीट वाचली तर तिची हरकत ऊत आणण्याला आहे, कढी गरम करण्याला नाही. हा फरक कळायला मला निम्मे आयुष्य लागले.

जुने वाद पुन्हा काढण्याची खोड मला वारशानेच मिळाली असावी. गिरगावात माझे एक काका राहत. वर्तमानपत्रांना पत्रे लिहिण्याचे त्यांना विलक्षण वेड. एखाद्या विषयावर पुरेशी धुळवड झाली की संपादक तळाशी चौकट टाकत, ‘या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात आला आहे.’ काका ती चौकट कापून वहीत चिकटवत आणि सहा महिन्यांनी ‘आपल्या अमुक तारखेच्या अंकातील पत्राच्या संदर्भात’ अशी नवी सुरुवात करत. तोवर वाचक ते पत्र विसरलेले असत, संपादकही विसरलेले असत; कधी कधी मूळ पत्र लिहिणाराही विसरलेला असे.

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरही हेच चालते. 5 नोव्हेंबर 1987 रोजी वानखेडेवर आपण विश्वचषकाचा उपान्त्य सामना इंग्लंडशी हरलो. गूचने स्वीप मारमारून 115 धावा काढल्या, आणि कपिलदेव उंच फटका मारून गॅटिंगच्या हाती झेल देऊन बसला. ‘तो फटका मारायलाच नको होता,’ असे कुणीतरी आजही म्हणतो आणि संध्याकाळ कशी छान निघून जाते. इथे कढी कितीही उकळा, कुणाचा हात भाजत नाही.

पण आमची चाळ लालबागची. तिथे क्रिकेटपेक्षा जुना नसलेला, पण फार जड असा एक विषय गॅलरीत पडून होता.

1981 च्या दिवाळीत बोनसवरून गिरण्यांत असंतोष पेटला आणि 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप फसला हे सगळेच मानतात. पण तो रीतसर मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही. अध्यक्षांनी समारोप न करता निघून जावे आणि लोकांनी सतरंजीवर बसूनच राहावे, तसे गिरणगावाचे झाले.

आमच्या शेजारचे मामा (सगळी चाळच त्यांना मामा म्हणे) गिरणीत साच्यावर होते. संपानंतर त्यांना पुन्हा कामावर घेतले नाही. पुढे त्यांनी भाजी विकली, रात्रपाळीचा पहारा केला. मी त्या वेळी कॉलेजात होतो. नंतर फोर्टमधल्या एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटलो. महिन्याच्या महिन्याला पगार घेणारा माणूस दुसऱ्यांच्या संपाविषयी फार स्वच्छ विचार करू शकतो.

2009 च्या लक्ष्मीपूजनाची गोष्ट. गॅलरीत फराळाची ताटे फिरत होती. मी नुकतेच संपाविषयी बरेच काही वाचले होते आणि ते बाहेर पडायला वाट शोधत होते. मी म्हणालो, ‘‘मामा, दुसऱ्या महिन्यातच तुम्ही लोकांनी तडजोड केली असती, तर आज हे दिवस आले नसते. नाही का?’’

मामांनी अर्धी चकली ताटात ठेवली. पंचाला हात पुसले आणि ‘‘जरा दिवा बघतो,’’ असे म्हणून ते आत गेले. पुन्हा बाहेर आले नाहीत.

रात्री बायको म्हणाली, ‘‘तुम्हाला आजच सुचलं?’’ मी म्हणालो, ‘‘सत्तावीस वर्षे झाली त्याला!’’ ‘‘तुमची झाली असतील,’’ असे म्हणून तिने दिवा मालवला. मी मामांकडे क्षमा मागायला गेलो नाही. आपण काही चुकीचे बोललो असे मला वाटतच नव्हते. आणि खरे सांगायचे तर माझे म्हणणे चूक होते असे मला आजही वाटत नाही. चूक निराळीच होती, ती पुढे कळली.

गिरण्यांच्या जमिनीतला तिसरा वाटा परवडणाऱ्या घरांना मिळावा, असा नियम 1991 साली झाला होता. 2001 च्या दुरुस्तीने तो वाटा मोकळ्या जागेपुरता आक्रसला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. उरलेल्या जागेवरच्या घरांसाठी म्हाडाने कामगारांकडून अर्ज मागवले, तेव्हा सुमारे दीड लाख अर्ज आले. 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत नोकरीला असल्याचा पुरावा हवा होता. एका संध्याकाळी मामा आपण होऊन माझ्या दारात उभे राहिले. हातात पत्र्याची पेटी. ‘‘तू कोर्टकचेरीतला माणूस. जरा अर्ज भरून दे.’’

पेटीतून प्रॉव्हिडंट फंडाची चिठ्ठी निघाली, विमा योजनेचे कार्ड निघाले, गिरणीचा पास निघाला. मामा पास हातात धरून म्हणाले, ‘‘तू त्या दिवाळीत बोललास ना, तेच मी बोललो होतो. दुसऱ्या महिन्यात. ह्याच गॅलरीत.’’

मी लिहायचा थांबलो.

‘‘कोपऱ्यातल्या खोलीतले दादा आठवतात? माझेच गाववाले. एकाच पाळीला जायचो, एका डब्यातलं खायचो. मला सगळ्यांदेखत फितूर म्हणाले. नंतर बोललेच नाहीत. नळावर समोरासमोर येऊनसुद्धा नाही. मग बिऱ्हाड मोडून गावी गेले आणि तिथेच वारले. आता सगळे म्हणतात, मामा, तुमचं खरं होतं. अरे, दादा असते तर भांडलो असतो. त्यांच्या पाठीमागे खरा ठरून मी करू काय?’’

आमच्या कचेरीत निकालाच्या फेरविचाराचे अर्ज मी कितीतरी टंकले आहेत. नवा, महत्त्वाचा पुरावा हाती आला आणि तो आधी खटपट करूनही मिळण्यासारखा नव्हता, तर न्यायालय दिलेल्या निकालाकडे पुन्हा पाहू शकते. मात्र दुसऱ्या पक्षाला नोटीस दिल्याशिवाय असा अर्ज मंजूर होत नाही. हा नियम तोंडपाठ असलेला मी गॅलरीत मात्र पुराव्यावाचून आणि नोटिशीवाचून निकाल देत बसलो होतो. आणि ज्यांना नोटीस द्यायची ते दादा केव्हाच निघून गेले होते. मामा नव्या कारणाने आले होते, कागद घेऊन आले होते आणि विषय स्वतःच्या हाताने उघडत होते. माझ्या आणि त्यांच्या उकरण्यात एवढे अंतर होते.

2012 साली घरांची पहिली सोडत निघाली. तीत मामांचे नाव नव्हते. नंतरही लागले नाही. आता मामा नाहीत; वारस म्हणून अर्ज मामींच्या नावावर आहे.

यंदा नवरात्रात वरच्या मजल्यावरचा एक कॉलेजातला मुलगा माझ्याकडे आला. त्याला संपाविषयी काही लिहायचे होते. ‘‘संप चूक की बरोबर, हे मामींना विचारतो,’’ म्हणाला. मी त्याला म्हटले, ‘‘आधी बोलू का म्हणून विचार. आणि चूक की बरोबर नको विचारूस. तुम्ही त्या वेळी काय केलंत, एवढंच विचार.’’

त्याने तसेच विचारले. मामी तासभर बोलल्या. चार बिऱ्हाडांच्या बायका मिळून पापड लाटायच्या. मंगळसूत्र गेले ते परत आले नाही. आणि दादांच्या घरी त्या रोज अंधार पडल्यावर वाटीभर पीठ नेऊन ठेवत, हे मामांनाही शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. हे सारे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. इतकी वर्षे भिंतीला भिंत लावून राहिलो. पण मी नेहमी मत घेऊन गेलो होतो, प्रश्न घेऊन कधी गेलोच नव्हतो.