गडग्यापलीकडची फळमाशी

मे संपत आला होता. रत्नागिरीहून सागरी रस्त्यानं देवगडकडे निघालो, तेव्हा पावसच्या आसपास वळवाची सर नुकतीच येऊन गेलेली. हापूसचा हंगाम असा शेवटाला आला आणि हवेत ओल आली, की फळमाशी जोर धरते.

पूर्णगडची खाडी ओलांडून कशेळीजवळच्या एका बागेत थांबलो. बागायतदारांनी कलमाखालचं फळ उचललं. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा काळसर ठिपका. मादी इथं सालीखाली अंडी घालते. सुरीनं कापलं तर आतला गर पाणचट आणि त्यात पांढऱ्या अळ्या. एकीनं अंगाची कमान केली आणि त्यांच्या तळहातावरून टुणकन मातीत उडी घेतली! वाढ पूर्ण झाली की अळी अशीच फळाबाहेर पडते, मातीत कोष करते आणि त्यातून पुढं नवी माशी निघते.

या एवढ्याशा अळीपायी १ मे २०१४पासून युरोपीय संघानं भारतीय आंब्याला दारं बंद केली होती. बंदी उठवायचा निर्णय जानेवारी २०१५मध्ये झाला. आता तिकडे जाणारा आंबा ४८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवतात.

फांदीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा टांगला होता. तळाशी मेलेल्या माश्यांचा थर, सगळे नर. सापळ्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला नरच भुलतात. "पण शेजारी कुणी लावत नाही," बागायतदार म्हणाले. त्यांची तक्रार रास्त आहे. निसटलेला एकेक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि बाहेरून मिलन होऊन आलेल्या माद्यांना हा सापळा अडवत नाही. एकट्यानं करायचं हे काम नव्हे, वाडीनं मिळून करायचं आहे. सरकारी पत्रकांतला उपदेश मात्र बहुधा एकट्या बागायतदाराला असतो.

जैतापूरची खाडी मागे टाकून पडेलला पोचलो. रस्त्याकडेच्या रायवळाखाली एक आजी साठांसाठी आंबे वेचत होत्या. किडके निवडून बाजूला टाकत होत्या.

"आजी, ह्यांचं काय करता?"

"थंयच गडग्याभायर टाकतंव."

गडग्यापलीकडे दुसऱ्याची हापूसची बाग होती. प्लास्टिकच्या पिशवीत भरून, तोंड घट्ट बांधून पिशवी उन्हात ठेवा, अळ्या आतल्या आत मरतात, असं मी सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, मग शेजारच्या कुलूपबंद घराकडे हात केला. "आणि त्या पेरांचा काय? मालक मुंबैक."

परसात पेरूखाली कुजक्या फळांचा सडा होता. पलीकडे जाम, चिकू आणि देशी बदाम. या सगळ्यांवर ही माशी पोसते. आंबा संपला तरी तिचं इथं भागतं आणि पुढच्या हंगामाला ती गावातच असते.

आजींच्या नातवानं मालकांना फोन लावला, फाटक उघडून फळं वेचू का, असं विचारायला.