स्टॅच्यू

१ नोव्हेंबर, सावनेर
शेजारी संत्र्यांचा माल उतरला. सडकी फळं कोपऱ्यात टाकलीत, वर हिरवी बुरशी. लेकाची केमो चालू असेतो धूळ-बुरशी टाळा, असं कागदावर लिहून दिलंय. खिडकी लावून घेतली. ओल्या फडक्याने दोनदा पुसलं.

३ नोव्हेंबर
रात्री दोनला ताप १०१. सकाळची वाट पाहायची नाही, हे पाठ आहे. छिंदवाडा रोडने नागपूर. हे वाटभर एक शब्द बोलले नाहीत.

४ नोव्हेंबर
न्यूट्रोफिल १२०. पाचशेच्या खाली नको असतात. छातीचा एक्स-रे मात्र स्वच्छ. सासूबाईंना लगेच कळवलं. अदासाच्या गणपतीला नारळ बोलल्या.

६ नोव्हेंबर
ताप तसाच.

७ नोव्हेंबर
चार दिवस अँटिबायोटिक, ताप हटत नाही. सिटी स्कॅन करायचा म्हणतात. फोटो तर चांगला होता ना? डॉक्टर मॅडम स्टूल ओढून बसल्या. जंतूंशी लढायला पेशी जमतात, तिथे सूज येते, तेव्हा सावली दिसते. याच्या अंगात पेशीच नाहीत, सावली कुठून उमटणार? आणि मी तीन दिवस निवांत होते.
रेडिएशनचं विचारलं. लहान मुलाला डोस वजन बघून कमी देतात.

८ नोव्हेंबर
रात्री खाटेवरच सराव केला. छाती फुगव, आता स्टॅच्यू! भूल लागली नाही. यंत्रात इवलासा दिसला, हलला नाही.
भिंतीवर फलक: १८९५ साली आजच्याच दिवशी रॉन्टगेनला क्ष-किरण सापडले.
उजव्या फुफ्फुसात दोन गाठी. भोवती धूसर वलय. बुरशी असावी. मुलांमध्ये वलय दरवेळी दिसतंच असं नाही, म्हणून रक्तही पाठवलं. व्होरिकोनाझोल सुरू.

९ नोव्हेंबर
त्या ढिगाचं विचारलंच. संत्र्यावरची बुरशी वेगळी, म्हणाल्या. अ‍ॅस्परजिलस हवेत कुठेही असते. दिवसा पटतं.

१५ नोव्हेंबर
ताप नाही. मऊ भात दोन घास.

१८ नोव्हेंबर
न्यूट्रोफिल ९००!

२१ नोव्हेंबर
पुन्हा सिटी. गाठ आधीपेक्षा मोठी, आत चंद्रकोरीसारखी पोकळी. माझे हातपाय गार. मॅडमचा चेहरा मात्र खुलला. पेशी परतल्या, मेलेला भाग सुटून येतोय. तीनदा विचारलं. तीनदा सांगितलं.

२७ नोव्हेंबर, सावनेर
उन्हात न्यायचं नाही, या गोळ्यांनी कातडी भाजते. पडदे ओढलेत. आल्या आल्या आजीला स्टॅच्यू केलं. हातात लाटणं घेऊन त्या तशाच उभ्या. ओव्हर म्हणायच्या आधी तो झोपला.