डॅप्सोन, विस्मरण आणि शंभरी

“जंतू, विस्मरण आणि दीर्घायुष्य यांवर सोपं लिहा, औषधांची नावं टाळा,” असं संपादकांनी बजावलंय. सोपं लिहायचा प्रयत्न करतो. नावं टाळणं जमणार नाही, कारण सगळा वाद एका गोळीवरच आहे.

श्रावणात नेऱ्याकडच्या एक आजी आमच्याकडे पनवेलला दाखल झाल्या. आदल्या आठवड्यापर्यंत दुधाचा हिशेब तोंडपाठ, आता मुलालाच “दादा, कधी आलास?” म्हणत होत्या आणि चादरीवरचे नसलेले धागे वेचत होत्या. ताप नव्हता. “साठी बुद्धी नाठी,” सून म्हणाली. मुलाला अल्झायमरचं औषध हवं होतं. लघवीत ई. कोलाय निघाला. प्रतिजैविकं सुरू केली आणि आठवड्याच्या आत आजींनी चहात साखर कमी म्हणून नर्सला झापलं. हा डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा बुद्धिभ्रम. अल्झायमर दोन दिवसांत होत नाही, हे किती वेळा सांगायचं!

जंतूंमुळे बुद्धी कायमची जाते का? उपदंशात जाऊ शकते. जंतुशास्त्रज्ञ नोगुचींनी १९१३ साली अशा रुग्णांच्या मेंदूत ते जंतू दाखवलेच. हिरड्यांच्या जंतूंबद्दल मात्र व्हॉट्सॲपला जेवढी खात्री आहे तेवढी आम्हाला नाही. त्यांच्या विकराला रोखणारं औषध २०२१ साली मोठ्या चाचणीत मुख्य निकषांवर नापास झालं. दात घासा, पण दातांसाठी घासा.

माझा लाडका वाद कुष्ठरोगाचा. कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन इथून जवळ, म्हणूनही असेल. १९९२ साली जपानमधल्या ३,७९२ वृद्ध कुष्ठरुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. डॅप्सोन ही कुष्ठरोगावरची गोळी किंवा तशी औषधं सलग घेणाऱ्यांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) २.९ टक्के, औषध न घेणाऱ्यांत ६.२५. डॅप्सोन जंतूही मारतं आणि दाहही कमी करतं, तेव्हा मेंदू नेमका कशाने वाचला यावर तज्ज्ञ भांडत बसले. माझा प्रश्न त्याआधीचा आहे: वाचला हे तरी नक्की का? विसरू लागलेला माणूस गोळीही विसरतो, मग तो ‘औषध न घेणाऱ्यां’त मोजला जातो. शिवाय कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत म्हातारपण गाठणारे मुळात काटकच. बाकीचे मोजणीआधीच गेलेले. पुढे अल्झायमरच्या रुग्णांना डॅप्सोन देऊन पाहिलं, उपयोग दिसला नाही. तरीही तो २.९चा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही, हेही खरं.

दीर्घायुष्याचं म्हणाल तर २०१० साली कोरियात डॅप्सोन दिलेले सूत्रकृमी जास्त जगले. पनवेलकरांवर तसा प्रयोग झालेला नाही.

तेव्हा दोन विनंत्या. घरचं म्हातारं माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागलं किंवा गप्प झालं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ताप नसला तरी लघवी आणि छाती तपासून घ्या. आणि हा लेख दाखवून औषधाच्या दुकानात डॅप्सोन मागू नका. जी-६-पीडी हे विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात.